लाइन नंबर दोनची शीळ

रविवारी सकाळी श्याम दातार हॉलमध्ये लॅपटॉपसमोर ताठ बसून शीळ घालत होते आणि चित्राताई स्वयंपाकघरातून ओरडत होत्या, "अरे, जरा हळू! सांगवीत आपण एकटेच राहत नाही!"

शीळ घालायची दातारांची सवय कॉलेजपासूनची. त्यात वाईट हेतू कधीच नव्हता. त्या काळी एखादी मुलगी रागाने मागे वळून बघायची, तेव्हा शीळ कुणी घातली म्हणून दातारही आपल्या मागे वळून बघायचे. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, टक्कल पडलं, चाकणच्या कंपनीत ते मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोचले, पण शीळ काही सुटली नाही. आंघोळ करताना, गाडी धुताना, ऑडिटच्या फायली चाळताना ती आपोआप ओठांवर यायची आणि हवेत विरून जायची.

अलीकडे मात्र या सवयीला शास्त्रीय वळण लागलं होतं. मुलीने, अनुयाने, लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. माइकसमोर शीळ घातली की ते स्वर ओळखायचं, पाच रेघांवर काळी बेडकाची पिल्लं बसवावीत तसे ठिपके मांडायचं आणि खाली सा-रे-ग-म सुद्धा लिहायचं. मग बटण दाबलं की तीच चाल बासरीवर, सतारीवर किंवा शिळेच्याच आवाजात वाजवून दाखवायचं. आपण आजवर नुसती शीळ घालत नव्हतो, रचना करत होतो, हे दातारांना पन्नाशी उलटल्यावर कळलं. आजवर किती रचना वाया गेल्या असतील, या विचाराने त्यांना एक दिवस जेवण गेलं नव्हतं.

सॉफ्टवेअर प्रामाणिक होतं. जे ऐकू येईल ते लिहायचं. दातारांच्या पहिल्या रचनेत त्यांची शिंक आली होती, कोमल निषादाच्या जवळपास कुठेतरी. आज ते चार स्वरांच्या पायऱ्यांवरून सावकाश खाली उतरत होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ते दचकून थांबले. पुन्हा उतरायला लागले, तर पुन्हा शिट्टी. त्यांनी वैतागून बटण दाबलं. लॅपटॉपमधून चाल आली : चार स्वर खाली, मग वरचा एक लांबलचक सा, पुन्हा चार खाली, पुन्हा तोच सा.

"हा वरचा सा कुठून आला?" दातार हिरमुसले.

"तो माझा आहे," चित्राताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तूरडाळीचा."

"खोडून टाकतो."

"बघ खोडून. मला विचारशील तर तेवढाच बरा आहे त्यात."

दातारांनी तो सा खोडला. चाल ओल्या पापडासारखी लिबलिबीत झाली. त्यांनी मुकाट्याने तो परत ठेवला. दुपारी भांडी आवरताना चित्राताई तीच चाल गुणगुणत होत्या. संध्याकाळी अनुया म्हणाली, "बाबा, हे डोक्यातून जातच नाहीये, काय त्रास आहे!" दातारांनी ही तक्रार दाद म्हणून स्वीकारली.

दातारांची कंपनी गाड्यांच्या वायपरच्या मोटरी बनवायची. तिथे प्रत्येक लाइनवर डोक्याच्या उंचीला एक पिवळी दोरी बांधलेली होती. काम करताना कुणाचं काही अडलं तर त्याने दोरी ओढायची. मग भोंगा वाजायचा आणि लाइन लीडरने धावत त्याच्यापाशी पोचायचं. तो वेळेत पोचला नाही तर सगळी लाइन आपोआप थांबायची. लाइन नंबर दोनचा भोंगा इतका भयंकर होता की रेड्याच्या शेपटीवर ट्रक उभा केल्यासारखं वाटायचं. त्या आवाजाला भिऊन लोक दोरीच ओढत नसत आणि चुकीच्या मोटरी तशाच पुढे जात.

सोमवारच्या मीटिंगमध्ये प्लांट हेड यशवंतराव म्हणाले, "माणसाने मदत मागितली तर ती कानाला गोड लागली पाहिजे. या भोंग्याऐवजी एखादी छानशी चाल लावता येईल का?"

काय होतंय हे कळायच्या आत दातारांचा हात वर गेला होता.

मेंटेनन्सच्या सुजितने ती चाल दोन नंबरच्या स्पीकरमध्ये भरली. दातारांनी मुद्दाम शिळेचाच आवाज ठेवायला सांगितला, कारण मूळ कलाकृतीशी छेडछाड त्यांना मान्य नव्हती. पहिल्याच दिवशी गणराज नावाच्या ऑपरेटरने दोरी ओढली, वरून चार स्वर उतरले, लांब सा लागला आणि आख्खी लाइन हसली. लाइन लीडर ज्योतीराम धावत पोचला. यशवंतरावांनी दातारांच्या पाठीवर थाप मारली. सगळं कसं छान झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गणराज शीळ घालत स्क्रू पिळत होता. मग त्याच्या शेजारचा घालू लागला. शीळ जांभईसारखी असते, एकाने दिली की दुसऱ्याला येते. दुपारपर्यंत सगळी लाइन, स्टोअरचे दोघे आणि फाटकावरचा वॉचमन तीच चाल वाजवत होते. आता स्पीकरची शीळ कुठली आणि तोंडाची कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ज्योतीरामला तर नाहीच नाही. तो लातूरजवळच्या औशाकडचा, सरळ मनाचा माणूस. शीळ आली की पळायचं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं, आणि तो पळत होता.

आठवडाअखेर तो दातारांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. गालफडं बसली होती.

"साहेब, चाल लई भारी हाय. पर मी पळू कुनाकडं? इकून शीळ येती, तिकून येती. काल मुतारीतून आली."

"अहो, मुतारीत दोरी कुठे आहे?"

"नाही ना. तरी गेल्तो."

"कशाला?"

"म्हणलं, कुनाला मदत लागली असंल तर?"

दातारांनी चेहरा गंभीर ठेवला, "बघू या काहीतरी" असं म्हटलं, पण आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या. ते आता कॅन्टीनच्या रांगेत विनाकारण रेंगाळायचे. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून त्यांची चाल यायची. चाकण चौकातल्या टपरीवर दुसऱ्याच कंपनीचा गणवेश घातलेले दोघे चहाची वाट बघता बघता ती वाजवत होते. भोसरीच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने ती घातली, तेव्हा तर दातारांनी काच खाली केली आणि "ती माझी आहे" असं सांगायला तोंड उघडलं. पण सिग्नल सुटला.

शनिवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात ज्योतीरामची बायको करिष्मा उभी होती. दिघीहून दोन बस बदलून ती सांगवीला आली होती. चित्राताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. पाणी एका दमात पिऊन ती म्हणाली, "साहेब, तुम्ही त्यांचे साहेब, म्हणून आले. आमचं मानूस शिळेच्या नादाला लागलंय."

दातारांच्या हातातला रिमोट तिथेच राहिला.

"काल आम्ही पिंपरीच्या बाजारात गेल्तो, पोरीला फ्रॉक घ्यायला. पलीकडच्या गल्लीतून कुनीतरी शीळ घातली. ह्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली अन् जे पळाले! लई वेळानं आले, घामानं निथळत. म्हणलं, कोन होतं? म्हणले, कुनीच नव्हतं. आता ताई, तुम्हीच सांगा, कुनीच नव्हतं तर मानूस पळंल काहून?"

चित्राताईंच्या कपाळाला आठी पडली. पुरुषांच्या बाबतीत त्यांचा पहिला अंदाज सहसा वाईटच असे. "शीळ कशी होती गं? आठवते?"

करिष्माने ओठांचा चंबू केला आणि स्वच्छ, सुरेल शीळ घातली. चार स्वर खाली, मग वरचा सा. दातारांच्या अंगावर काटा आला. इतका मोकळा सा त्यांना स्वतःलाही कधी लागला नव्हता. आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून, कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या अनुयाने अगदी नकळत चालीचा पुढचा तुकडा वाजवला.

करिष्मा ताडकन उठली. "आत कोन हाय?"

"अगं, मुलगी आहे आमची," चित्राताई म्हणाल्या.

"तिला कुठून येती ही शीळ?"

आता गप्प बसणं धोक्याचं होतं. दातार घसा खाकरून म्हणाले, "करिष्मा, ती शीळ माझी आहे."

करिष्माने दातारांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं : रबरी चपला, पट्ट्यापट्ट्यांची पँट, पोटावर ताणलेला बनियन, नाकावर घसरलेला चष्मा.

"तुम्ही शीळ घालता," ती एकेक शब्द तोलत म्हणाली, "अन् आमचं मानूस पळत येतंय?"

"नाही, तसं नाही! म्हणजे... आहे तसंच. पण कंपनीच्या कामासाठी!"

चित्राताई घाईघाईने स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रीज उघडून त्यात तोंड घालून हसल्या. दातारांनी लॅपटॉप उघडला. रेघा दाखवल्या, ठिपके दाखवले, दोरी म्हणजे काय, भोंगा म्हणजे काय, सगळं समजावलं. करिष्मा बराच वेळ त्या काळ्या पिल्लांकडे बघत राहिली.

"येवढं लिहून ठिवलंय म्हणजे खरंच असंल," ती शेवटी म्हणाली. "पर आता मी त्यांना काय ते सांगते. चारचौघांत पळतंय म्हणजे काय!"

घरी जाऊन तिने ज्योतीरामला मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि पुन्हा शिळेमागे पळणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ज्योतीरामने ती घेतली, आणि पळून पळून पाय इतके दुखत होते की मनापासून घेतली.

मंगळवारी गिऱ्हाईक कंपनीचे तीन पाहुणे आले. यशवंतराव त्यांना घेऊन थेट दोन नंबरवर गेले, कारण ही चाल त्यांना दाखवायचीच होती. योग असा की नेमकी तेव्हाच गणराजच्या समोर एक मोटर उलटी अडकली. त्याने दोरी ओढली. चार स्वर उतरले, वरचा सा लागला.

"आता बघा," यशवंतराव छाती फुगवून म्हणाले. "आमचा माणूस कसा धावत येतो ते."

कुणीच आलं नाही. चाल पुन्हा वाजली. लाइनच्या दुसऱ्या टोकाला ज्योतीराम एका खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे गच्च मिटून उभा होता. त्याचे पाय सवयीने जागच्या जागी हलत होते, पण हात सुटत नव्हते.

"अरे, मी खरीच ओढलीय!" गणराज ओरडला. "देवाशपथ! दोरी ओढलीय मी!"

लाइनवरच्या लोकांना वाटलं, गणराज आज फारच रंगात आलाय. त्यांनी त्याला शिळेने साथ दिली. पाहुण्यांतल्या एकाला ती चाल इतकी आवडली की तोही वाजवू लागला. तेवढ्यात पट्टा खाडकन थांबला, दिवे लाल झाले, मागून येणाऱ्या मोटरी एकमेकींवर चढल्या आणि टपाटप खाली पडू लागल्या. लाइन सुरू व्हायला जेवणाची सुट्टी उजाडली. पाहुणे फार सभ्यपणे निरोप घेऊन निघाले. जाताना ते तिघेही शीळ घालत होते, हे यशवंतरावांच्या जास्त जिव्हारी लागलं.

केबिनमध्ये ज्योतीराम मान खाली घालून उभा होता. शेजारी दातार.

"खांब का धरला होता?" यशवंतरावांनी विचारलं.

"शपथ हाय साहेब."

"कुणाची?"

"पोरीची. शिळेमागं पळायचं नाही म्हणून."

यशवंतरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "दातार, मला हे काही समजत नाहीये आणि समजून घ्यायचंही नाहीये. हा माणूस सोमवारपासून पॅकिंगला जाईल. तिथे दोरी नाही, शीळ नाही, खांबही नाही."

"सर, चूक त्याची नाही. माझी आहे."

"मग दुरुस्त करा!"

"चालीऐवजी साधी घंटा लावू या का?"

"घंटा जेवणाची आहे."

"सायरन?"

"आगीचा. आणि जुना भोंगा लावलात तर परत कुणी दोरी ओढणार नाही. मला चालच पाहिजे." यशवंतराव टेबलावर वाकले. "पण अशी पाहिजे की कुणाला ती शीळ घालून वाजवता येता कामा नये. ऐकली की विसरली पाहिजे. सोमवारपर्यंत करून द्या, मग ज्योतीराम आहे तिथेच राहील. नाही तर तो पॅकिंगला, आणि तुमच्या या कलेची मला पुन्हा आठवण करून देऊ नका."

बाहेर आल्यावर दातार काही बोलणार तोच ज्योतीराम म्हणाला, "जाऊ द्या साहेब. पॅकिंगला काय, बसून काम असतंय. पळावं लागत नाही." तो हसला, पण वीस माणसांचा लीडर म्हणून छातीवर लावलेला पिवळा बिल्ला त्याने अंगठ्याने पुसला.

लक्षात न राहणारी चाल करायला दातार त्याच संध्याकाळी बसले. आधी त्यांना वाटलं, यात काय अवघड आहे? एकाच स्वरावर सगळी चाल बांधली की झालं. बुधवारी ती लाइनवर लावली. एकच स्वर असल्यामुळे ज्यांना आजवर शीळ येत नव्हती त्यांनाही ती आली. संध्याकाळची बस मधमाश्यांचं पोळं वाहून न्यावं तशी चाकणहून निघाली.

गुरुवारी त्यांनी मुद्दाम विद्रूप चाल केली. खालच्या पंचमावरून बेडकाने उडी मारावी तशी वरच्या धैवतावर, तिथून धपकन खाली, मधे विनाकारण कावळ्यासारखं दोनदा 'मा मा'. कॅन्टीनमध्ये ती वाजल्यावर लोक पोट धरधरून हसले. सुजितने ती फोनची रिंगटोन केली.

"राव सर, काय वाकडी चाल केलीत!" तो म्हणाला. "आमचं बारकं रात्रंदिवस रडत होतं. हे ऐकवलं की गप्प होतंय."

शुक्रवारी त्यांनी स्वतः काही करायचंच नाही असं ठरवलं आणि सॉफ्टवेअरलाच सांगितलं, वाट्टेल ते स्वर, वाट्टेल तिथे टाक. त्या बेवारस स्वरांना कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांनी लाटण्याचा ठेका दिला आणि त्याची अशी काही लावणी झाली की वॉचमन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आयुष्यभर कुणी आपली चाल लक्षात ठेवावी म्हणून धडपडणारी माणसं दातारांनी पाहिली होती. आपल्यावर मात्र देवाने ही कृपा नको तेव्हा केली होती. एकीकडे त्यांना रडू येत होतं आणि दुसरीकडे, कबूल करायला हवं, छाती भरून येत होती.

रविवारी ते हरले. सोमवारसाठी म्हणून त्यांनी पाच मिनिटांत एक 'टकटक टकटक' असं काहीतरी केलं, त्याला 'सोमवारची' असं नाव दिलं, आणि ज्योतीरामची मनातल्या मनात माफी मागून लॅपटॉप मिटला. मग पुन्हा उघडला. मन इतकं भरून आलं होतं की आता निदान स्वतःसाठी तरी काहीतरी करावं असं त्यांना वाटलं.

"आज कुकर लावू नकोस," त्यांनी चित्राताईंना सांगितलं. त्यांचा आवाज ऐकून चित्राताईंनी वाद घातला नाही. भात पातेल्यात टाकला.

दातारांनी दारं-खिडक्या लावल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा सर्वस्व ओतून शीळ घातली. त्यात मालकंसाची सावली होती. अनुया जन्मली त्या पहाटेचा गारठा होता. मधे ताल सोडून विचारात पडायची जागा होती आणि त्यानंतर मींड घेत घेत एक उतार होता, जिथे त्यांचा स्वतःचाच गळा दाटून आला. पडद्यावर तीन पानं भरली. पुढे याहून चांगलं आपल्या हातून होणार नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. म्हणून त्यांनी त्या रचनेला नाव दिलं, 'अंतिम'.

चित्राताईंनी ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली.

"कशी आहे?" दातारांनी हळूच विचारलं.

"छान आहे."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे... छानच आहे रे."

भारावल्यामुळे तिला शब्द सुचत नाहीत, हे दातारांनी ओळखलं.

सोमवारी सकाळी त्यांनी पेनड्राइव्ह सुजितच्या हातात दिला आणि ते केबिनमध्ये जाऊन बसले. थोड्या वेळाने सुजितचा फोन आला.

"सर, टाकली चाल. यशवंतराव साहेब खालीच आलेत. वाजवू का?"

"वाजव. 'सोमवारची' टाकलीस ना?"

"नाही सर. त्यात दोन होत्या. एकीवर 'अंतिम' लिहिलं होतं, मग तीच फायनल म्हणून टाकली."

दातारांच्या हातून फोन निसटला. क्षणभरात सगळं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तूरडाळीच्या चालीने जर एवढा हलकल्लोळ केला, तर 'अंतिम' काय करील! मुतारीत 'अंतिम', टपरीवर 'अंतिम', भोसरीच्या सिग्नलला रिक्षात 'अंतिम'! त्यांच्या काळजाचा तुकडा चाकणच्या धुळीत तुडवला जाणार होता. आणि ज्योतीराम बिचारा कायमचा पॅकिंगला. ते जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत धावले.

"थांबवा!" शॉप फ्लोअरवर येताच ते ओरडले. "ती चाल लावू नका! ती फार चांगली आहे!"

"चांगली आहे तर वाजू द्या," यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी स्वतः दोरी ओढली.

'अंतिम' सुरू झाली. यंत्रांच्या खडखडाटातून मालकंसाची सावली पसरली. गारठा आला. विचारात पडायची जागा आली. मग तो उतार. दातारांनी डोळे मिटून घेतले होते. चाल संपली आणि लाइनवर अशी शांतता झाली की मनातून भयंकर घाबरलेले असूनही दातारांना वाटलं, पोचली. पोचली यांच्यापर्यंत!

"गणराज," यशवंतराव म्हणाले, "घाल शीळ."

गणराजने ओठ जुळवले. त्यातून नुसती हवा आली. "साहेब, सुरुवात कशी होती?"

"मला काय विचारतोस? तू सांग."

"सुरुवात होती का साहेब त्याला?"

यशवंतरावांनी दुसऱ्याला उभं केलं, तिसऱ्याला केलं. एकाने चुकून गुरुवारची बेडूकउडी वाजवली. सुजित डोकं खाजवत म्हणाला, "आत्ता होतं राव डोक्यात. गेलं." यशवंतरावांनी चाल पुन्हा लावली, पुन्हा सगळ्यांना विचारलं. मग ते जरा बाजूला गेले, कुणी बघत नाही असं बघून त्यांनी स्वतः ओठांचा चंबू केला, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

दिवसभर परीक्षा चालली. दोरी ओढली की ज्योतीराम अचूक पोचत होता. खांबाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मधे तीन-चार जणांनी त्याला चकवायला जुनी शीळ घालून पाहिली, पण तो जागचा हलला नाही.

"तुला बरोबर कसं कळतं रे?" यशवंतरावांनी विचारलं.

"सोपं हाय साहेब. जे ऐकून कायबी आठवत नाही, ते आपलं."

"आणि शपथ?"

"शपथ शिळेची हाय. ही शीळ हाय असं वाटतच नाही."

शिफ्ट सुटताना यशवंतरावांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. ज्योतीराम लाइन लीडरच राहणार, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. ज्योतीरामने दातारांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. दातारांचे डोळे भरून आले, आणि नेमके कशाने ते त्यांना सांगता आलं नसतं.

"आता शेवटची खात्री," यशवंतराव म्हणाले. "दातार, तुम्ही वाजवून दाखवा. ज्याने केली त्याला जरी येत असेल तरी धोका आहे. तुमच्याकडून दुसरा उचलेल."

दातार पुढे झाले. दिवसभर दुखावलेला त्यांच्यातला कलावंत आता उसळून उठला होता. एकदा नीट, जिवंत ओठांनी ऐकवली की यांना कळेल, आज सकाळपासून आपण काय ऐकत होतो. त्यांनी चष्मा काढला. ओठ ओले केले. पहिला स्वर घेतला. तो बरोबर होता, याची त्यांना बऱ्यापैकी खात्री होती.

दुसरा स्वर आला नाही. त्यांनी पुन्हा पहिला घेतला, जरा वेगळा. तिसऱ्या पानावर, उजव्या बाजूला, जिथे गळा दाटून आला होता ती जागा त्यांना स्पष्ट दिसत होती. तिथे काय होतं ते मात्र आठवेना. ते तसेच, ओठांचा चंबू करून, सगळ्यांसमोर उभे राहिले.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. गणराजने शेजारच्याला मिठी मारली. यशवंतराव लगबगीने पुढे आले आणि त्यांनी दातारांचा हात जोरजोरात हलवला.

"मानलं तुम्हाला! बाकीच्या लाइनसाठी पण अशाच करून द्या. प्रत्येकीला एकेक. लागेल तेवढा वेळ घ्या." मग त्यांनी दातारांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "फक्त एक करा, दातार. दर्जा हाच ठेवा."

"बघतो सर," दातार म्हणाले. "पण इतका जीव ओतणं प्रत्येक वेळी जमेल असं नाही."